पाच जणी, चार चपला

एक सोप्पा प्रश्न. २००२ साली आपल्याकडे टीव्हीवर, सगळ्या देशासमोर, एक गर्ल बँड तयार झाला होता. त्याचं नाव काय?

ऑफिसच्या पॅन्ट्रीत हा प्रश्न टाकून बघा. पंचविशीतले सगळे मोबाइल काढतील. पस्तिशी-चाळिशीतली एखादी मॅडम मात्र कॉफीचा मग खाली ठेवेल, डोळे बारीक करेल आणि ओरडेल, 'अगं, व्हिवा!' त्यानंतर ती दोन ओळी गुणगुणेलही. अप्रेझल, डेडलाइन, समोर उभा असलेला बॉस... सगळं विसरून!

मी तेव्हा बालवाडीत होते. पण माझ्या आतेबहिणीकडे त्यांची कॅसेट होती आणि ती कुणालाही हात लावू द्यायची नाही. आरशासमोर कंगवा तोंडाशी धरून ती पाचही जणींचे आवाज एकटीच काढायची. त्यामुळे पाच मुली एकत्र गातात, नाचतात आणि त्यांना बघायला लोक धावतात, हे माझ्या डोक्यात फार लवकर शिरलं. कोरियाचं नाव नकाशात शोधता यायच्याही आधी.

आता हे सगळं आठवायचं कारण? कारण सध्या मला एक प्रश्न जाम छळतोय. तो मला शहापूरच्या एका मुलीने विचारलाय. पण त्या प्रश्नाकडे जाण्याआधी व्हिवाचं पुढे काय झालं, ते बघू या. त्याशिवाय मजा नाही.

तर फंडा असा होता. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली 'पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम आला. मुलींच्या ऑडिशन्स घ्यायच्या, गाळत गाळत पाच जणी निवडायच्या, त्यांचा बँड करायचा आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. तिथे 'ट्रूब्लिस' नावाचा बँड तयार झाला. आयडिया इतकी हिट झाली की ती देशोदेशी विकली गेली. जर्मनीत 'नो एंजल्स', इंग्लंडमध्ये 'हिअरसे'. आपल्याकडे ती आणली 'चॅनल व्ही'ने. देशभर ऑडिशन्स झाल्या, मुलींच्या रांगा लागल्या, रडारड झाली, आणि शेवटी पाच नावं उरली : सीमा रामचंदानी, प्रतिची महापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. त्याच वर्षी अल्बम बाजारात. गाणी हिट, व्हिडिओ दिवसरात्र चालू. ऑडिशनच्या रांगेत उभी असलेली मुलगी काही महिन्यांत पोस्टरवर!

इथपर्यंत सगळं सही. पुढच्या वर्षी, २००३मध्ये, दुसरा अल्बम आला तोवर महुआ बाहेर पडली होती. पाचच्या चार झाल्या. आणि त्यानंतरच्या एकदोन वर्षांत बँडच संपला. कुठे मोठं भांडण झाल्याच्या हेडलाइन्स नाहीत, निरोपाचा भव्य कार्यक्रम नाही. वाहिनीने तोवर पुढचा सीझन काढला होता. त्यातून २००३मध्ये 'आस्मा' नावाचा दोन मुलं-दोन मुलींचा बँड आला. त्यात नीती मोहन होती, संगीत हळदीपूर होता. तोही फार काळ टिकला नाही.

आता गंमत बघा. निवड करणाऱ्यांचं काही चुकलं होतं का? अजिबात नाही. नेहा भसीनने पुढे सिनेमांत गाऊन नाव केलं, 'सुलतान'मधल्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. अनुष्का मनचंदा व्हीजे झाली, पार्श्वगायिका झाली, नंतर 'किस नुका' या नावाने स्वतःचं इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागली. नीती मोहन तर घराघरांत पोचली. म्हणजे माणसं अस्सल सोन्याची निघाली. टिकला नाही तो बँड.

का? सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे इंडीपॉपचाच बाजार उठला. कॅसेट गेली, एमपीथ्रीची पायरसी आली, म्युझिक चॅनल्सनी हळूहळू फिल्मी गाण्यांचा रस्ता धरला. आपल्याकडे गाणं विकायचं तर ते हिरोइनच्या ओठांवरूनच यावं लागतं, हा जुना नियम पुन्हा लागू झाला. खुद्द चॅनल व्हीनेच २०१२मध्ये गाणी दाखवणं बंद केलं आणि २०१८मध्ये वाहिनीलाच टाळं लागलं. सगळं खरं आहे. पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. आणि त्या शहापूरच्या मुलीचं तर मुळीच झालं नाही.

माझं आजोळ शहापूरचं. कसारा लोकलने आसनगावला उतरायचं, शेअर रिक्षात चौथी सीट पकडायची आणि मामाच्या घरी चहाला हजर. मुंबईकरांना शहापूर माहीत असतं ते माहुलीच्या ट्रेकमुळे, नाहीतर नाशिकला जाताना लागणाऱ्या फलकामुळे. पण रोज सकाळी शॉवरखाली उभं राहून ते शहापूरच वापरत असतात, हे लक्षात येत नाही. भातसा धरण इथलं, तानसाही इथलंच. तानसाचं पाणी तर १८९२पासून मुंबईला जातंय. इथल्या पाड्यांवर मात्र एप्रिल-मे आला की बायाबापड्या टँकरची वाट बघत बसतात. असो, तो वेगळा लेख.

तर गेल्या दिवाळीनंतर मी गेले होते तेव्हा संध्याकाळी मामी म्हणाली, 'चल, आमच्या पोरी काय करतात ते बघ.' समाजमंदिराच्या हॉलमध्ये पाच मुली नाचत होत्या. कॉलेजच्या गॅदरिंगची तयारी. भिंतीला टेकवलेला एक मोबाइल, त्यावर कोरियातल्या 'ट्वाइस' या ग्रुपचा व्हिडिओ. गाण्यातला एकही शब्द कळत नाही, पण 'पाच-सहा-सात-आठ' चालू. आणि काय नाचत होत्या! हॉलला आरसा नाही, म्हणून खिडकीच्या काचेत बघून हात जुळवायच्या. बाहेर अंधार पडला की काचेत जास्त चांगलं दिसतं म्हणे.

मला एक गोष्ट कळेना. मध्ये मध्ये त्या चपलांना वळसा घालून नाचत होत्या. फरशीवर चार चपला, सुट्या सुट्या ठेवलेल्या. विचारलं तर एक जण म्हणाली, 'ताई, त्या नऊ जणी आहेत ना. आम्ही पाचच. मग चौघींच्या जागी चपला. नाहीतर फॉर्मेशन बसत नाही.'

सॉल्लिड! मी लगेच फोटो काढायला गेले, तर सगळ्या चपला पायांत.

मग गप्पा झाल्या. एक किन्हवलीकडून यायची, एक मुरबाडच्या बाजूची, बाकी तिघी शहापुरातल्या. शेवटची गाडी चुकली की मुरबाडवालीला मैत्रिणीकडे राहावं लागायचं आणि मग घरचे फोनवर फोन. हॉलची किल्ली एका काकांकडे. लग्नाची तारीख आली की हॉल गेला. कुणाचं तरी बारसं असलं तरी गेला. आणि तिथेच, सामान आवरता आवरता, त्या मुरबाडच्या मुलीने तो प्रश्न विचारला : 'ताई, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग सांगा, असा ग्रुप आपल्याकडे का होत नाही? आपल्या पोरींना नाचता येत नाही का?'

नाचता येतं गं बाई. चांगलंच येतं. मग?

मी उत्तराला सुरुवात ट्वाइसपासूनच केली. कारण बघा, ट्वाइससुद्धा टीव्हीच्या स्पर्धेतूनच तयार झालाय! जेवायपी एंटरटेनमेंट या कंपनीने २०१५च्या मे महिन्यात 'सिक्स्टीन' नावाचा शो सुरू केला. सोळा मुली, त्यातून सात निवडायच्या. दोन टीम : मेजर आणि मायनर. मेजरवाल्यांची ऐश, आणि मायनरवाल्यांना प्रॅक्टिसची खोली मिळणार ती रात्रीची, सगळं जग झोपल्यावर. शेवटी कंपनीचे मालक पार्क जिन-यंग यांनी सातऐवजी नऊ निवडल्या. बाद झालेली जपानची मोमो परत आली, आणि प्रेक्षकांच्या पसंतीने तैवानची त्झुयू. नावाचाही अर्थ लावून दिला : एकदा कानांनी जिंकायचं, एकदा डोळ्यांनी, म्हणून ट्वाइस.

मग व्हिवात आणि ट्वाइसमध्ये फरक काय? दोन्हीकडे टीव्ही, दोन्हीकडे गाळणी, दोन्हीकडे रडारड.

फरक आहे तो स्पर्धेच्या आधीच्या वर्षांत. व्हिवाच्या मुली ऑडिशनच्या रांगेतून आल्या. 'सिक्स्टीन'मधल्या सोळाजणी त्याआधीच कंपनीत प्रशिक्षणार्थी होत्या. ट्वाइसची लीडर जिह्यो २००५मध्ये कंपनीत आली तेव्हा आठ वर्षांची होती. ती दहा वर्षं फक्त शिकत होती! शाळा सुटली की गाणं, नाच, पुन्हा गाणं. तिच्यासोबतच्या मुली तिच्याआधी स्टेजवर गेल्या, ती तिथेच. त्झुयू तेरा वर्षांची असताना तैवानहून सोलला आली, भाषा येत नव्हती. सानाला कंपनीच्या माणसांनी जपानमधल्या ओसाकात हेरलं. 'सिक्स्टीन'च्या आधी एकदा या मुलींपैकी काहींचा दुसराच ग्रुप होऊ घातला होता, तो बारगळला. म्हणजे टीव्हीवर जे काही आठवडे दिसले, त्याच्या मागे कितीतरी वर्षांची प्रॅक्टिस होती. तिथे नुसत्या नऊ जणी निवडल्या नाहीत, त्या आधीपासून घडवत आणल्या होत्या.

२० ऑक्टोबर २०१५ला त्यांचं पहिलं गाणं आलं. आणि लगेच आभाळ फाटलं का? नाही. ते गाणं हळूहळू वर सरकत गेलं. त्यांना टीव्हीवरच्या साप्ताहिक स्पर्धेत पहिला विजय मिळाला तो ५ मे २०१६ला, 'चिअर अप' या दुसऱ्या मोठ्या गाण्यावर. 'सिक्स्टीन'चा पहिला भाग लागला त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. त्याच गाण्याला वर्षअखेरीस 'साँग ऑफ द इयर'. म्हणजे पहिलं गाणं धडाक्यात चाललं नाही तरी कंपनीकडे दुसरं तयार होतं, आणि ते चाललं नसतं तर बहुतेक तिसरंही असतं. आपल्याकडे पहिल्या गाण्यावर सगळा हिशेब, मामला खतम.

मधल्या काळात काय काय झालं तेही ऐका. त्झुयूने एका कार्यक्रमात तैवानचा झेंडा हातात धरला होता. त्यावरून चीनमध्ये गदारोळ झाला आणि जानेवारी २०१६मध्ये, तैवानच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी, सोळा वर्षांच्या त्या मुलीला कॅमेऱ्यासमोर वाकून माफी मागायला लावलं गेलं. ग्रुप तेव्हा तीन महिन्यांचा होता. पुढे मिनाला अँग्झायटीमुळे काही काळ थांबावं लागलं, जॉन्गयॉनला प्रकृतीमुळे. तरी २०२२मध्ये नऊच्या नऊ जणींनी नवा करार केला आणि २०२५मध्ये ग्रुपला दहा वर्षं झाली तेव्हाही त्या नऊच होत्या.

हे सगळं ऐकून मुली खूश. एकीने तर लगेच विचारलं, 'कंपनी पैसे घेते का शिकवायचे?'

हाच तर खरा प्रश्न आहे, बॉस! दहा वर्षं शिकवायचं म्हणजे मास्तर, जागा, राहणं, खाणं. हा खर्च कुणीतरी करतंच. कोरियात कंपनी करते आणि मग वसूल करते. खूप ग्रुप्सच्या बाबतीत पदार्पण झाल्यावर येणाऱ्या कमाईतून आधी कंपनीचा खर्च कापला जातो, उरलं तर मुलींना. पूर्वी तेरा-तेरा वर्षांचे करार असायचे. एका बॉय बँडच्या पोरांनी कोर्टात धाव घेतली, तेव्हा २००९मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार काढला आणि सात वर्षांची मर्यादा घातली. वजन किती, मोबाइल वापरायचा की नाही, प्रेमात पडायचं की नाही, हेही कंपनी ठरवते. २०१९मध्ये एका महिन्याच्या अंतराने सुली आणि गू हारा या दोन गायिका गेल्या, तेव्हा जगभरच्या चाहत्यांना या चकचकाटामागचा अंधार दिसला. म्हणून कोरियाची नुसती आरती ओवाळायची माझी तयारी नाही.

आणि खरं सांगू? ही पद्धत आपल्याला नवीन नाही. मुरबाडच्या मुलीला मी विचारलं, 'म्हशाच्या यात्रेला जातेस ना?' अर्थात जाते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसोबाची यात्रा भरते. बैलबाजार, पाळणे, घोंगड्या आणि तमाशा. तिच्या घरच्यांनी तिला तमाशाच्या तंबूकडे कधी फिरकू दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण तोही एक ग्रुपच आहे. आणि त्याचं गणित कोरियासारखंच आहे.

तमाशाच्या फडात कलावंत हंगामाआधी मालकाकडून पैसे घेतात. त्याला 'उचल' म्हणतात. घरचं लग्न, आजारपण, छपराची दुरुस्ती, सगळं त्या उचलीवर. मग दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव नाचून ती फेडायची. कोरियन कंपनीचा खर्च म्हणजे दुसरं काय? सुटाबुटातली उचलच की! आणि प्रशिक्षण? मुरबाडहून माळशेज घाट चढून वर गेलं की जुन्नर तालुका लागतो. तिथलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. वडील आणि चुलत्यांच्या, भाऊ-बापूंच्या फडात त्या लहानपणापासून वाढल्या. बघत, ऐकत, झोपेत ढोलकी झेलत. जिह्योची दहा वर्षं म्हणता? विठाबाईंचं अख्खं बालपण! पुढे राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झाला, पण शेवटचे दिवस पैशांच्या ओढाताणीत गेले. त्या गेल्या १५ जानेवारी २००२ला. म्हणजे ज्या वर्षी टीव्हीवर व्हिवाची जुळणी झाली, त्याच वर्षी.

हा योगायोग मला चैन पडू देत नाही. एकीकडे वर्षानुवर्षं मुलींना घडवणारी, पण त्यांना कर्जात ठेवणारी आणि समाजाने तोंड फिरवलेली व्यवस्था. दुसरीकडे चकाचक स्टुडिओ, कर्ज नाही, बदनामी नाही, पण घडायला वेळही नाही. विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनी फड पुढे चालवला. २०२० आणि २०२१चे चैत्राचे हंगाम कोरोनात बुडाले, फडमालक कर्जात गेले, तरी फड पुन्हा उभे राहिले. व्हिवा मात्र दोन अल्बमांत संपला.

म्हणजे ग्रुप टिकतो तो टॅलेंटवर नाही. ज्या वर्षांत काहीच कमाई नसते, त्या वर्षांचा खर्च कोण उचलतं आणि बदल्यात काय मागतं, यावर टिकतो. मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे.

आता कुणी म्हणेल, हल्ली बदललंय की. बदललंय ना! ओडिशातल्या झारसुगुडासारख्या गावातली श्रिया लेंका २०२२मध्ये 'ब्लॅकस्वान' या कोरियन ग्रुपमध्ये निवडली गेली. झारसुगुडाहून सोलला जाता येतं, तर शहापूरहूनही जाता येईल. आपल्याकडे मिकी मॅक्लिअरी या संगीतकाराने 'विश' नावाचा चार मुलींचा ग्रुप उभा केला, त्यांचं पहिलं गाणं २०२४मध्ये आलं. आणि माझा सगळ्यात लाडका ग्रुप म्हणजे मुंबईचा 'वाइल्ड वाइल्ड विमेन'. क्रांतीनारी, एमसी महिला, हॅशटॅगप्रीती, जेक्वीन, प्रतिका... यांना कुणी ऑडिशन घेऊन निवडलं नाही. आपल्या आपण जमल्या, मराठी-हिंदी-तमिळमध्ये रॅप करतात. सुपारी नाही, उचल नाही. पण मग वेळ काढायचा तो स्वतःच्याच दिवसातून. पोटापाण्याचं काम सांभाळून उरलेल्या संध्याकाळी, नाहीतर रविवारी. तुमच्या-माझ्यासारखंच.

'तुमच्या-माझ्यासारखंच' असं मुद्दाम म्हणतेय. कारण मला खात्री आहे, हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांचा एक ग्रुप होता. कॉलेजचा बँड, एकांकिकेची टीम, गणपतीतलं लेझीम पथक. 'आपण पुढेही करायचं हं' अशा शपथा झाल्या होत्या. मग कुणाला बंगळुरूला प्लेसमेंट, कुणाचं लग्न, कुणाची नाइट शिफ्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या ग्रुपचं नाव अजून तेच असेल, पण त्यावर आता फक्त वाढदिवसाचे केक पडतात. कुणी भांडलं नाही, कुणी बेसूर झालं नाही. फक्त सगळ्यांचा रिकामा वेळ एकाच वारी येईनासा झाला. आपण त्याला 'लाइफ' म्हणून सोडून देतो. शहरात तेवढं चालून जातं. एक ग्रुप मोडला तर योगाचा क्लास असतो, झुंबा असतो, वीकेंडचा ट्रेक असतो.

शहापुरात तसं नाही. तिथे ती एकच संध्याकाळ आहे. त्यानंतर शेवटची गाडी आहे. त्या पाचजणींमधली मुरबाडची मुलगी, तो प्रश्न विचारणारी, सगळ्यात चांगली नाचणारी, मधल्या जागेवर उभी राहणारी, जूनपासून कल्याणला नर्सिंगला जाणार आहे. घरच्यांचं काही चूक नाही. नोकरी लागेल, पगार येईल. दुसऱ्या एकीच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. 'मग काय करणार तुम्ही?' असं मी विचारलं. तर किन्हवलीची शांतपणे म्हणाली, 'काय नाय ताई, पाचवी चप्पल ठेवू.'

यावर मला काही बोलता आलं नाही. तिने ते दुःखात म्हटलं नव्हतं. फॉर्मेशन बसायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. या मुलींना कोरियाला पाठवायला नको. टीव्हीवाल्यांनी येऊन तीन महिन्यांत स्टार करायलाही नको, तो प्रयोग २००२मध्ये करून झालाय. त्यांना हवाय एक हॉल, जो लग्नसराईतही आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांचाच असेल. एका भिंतीला आरसा. आणि परतीची एक गाडी, जी रात्री नऊनंतरही मुरबाडकडे जाईल. यात उचल नाही, करार नाही, कुणाचं वजन मोजायचं नाही. गावागावांत आमदार-खासदार निधीतून बांधलेली समाजमंदिरं, व्यायामशाळा आणि सभागृहं उभी आहेत. बहुतेकांना संध्याकाळी कुलूप असतं, आणि उघडी असली तर आत कॅरम खेळणारे काका असतात. मुलींना तिथे जाताना 'कशाला?' हा प्रश्न ऐकावा लागतो. क्रिकेटची बॅट घेतलेल्या मुलाला तो कुणी विचारत नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचं गाव असेल. शहापूर नसेल तर वाडा असेल, कर्जत असेल, खेड असेल. होळीला जाल, मे महिन्यात आंबे खायला जाल, दोन दिवस राहाल. गावच्या ग्रुपवर मंदिराच्या रंगकामाला वर्गणी पाठवता, क्रिकेटच्या चषकालाही पाठवता. या वेळी गेलात की तिथल्या हॉलची किल्ली कुणाकडे असते, याची चौकशी करा. आणि मुलींनी मागितली तर ती मिळते का, हेही विचारा.